देवाकडे मागितलेला रिटेक

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांत राबलो. शॉटची पाटी धरली, ट्रॉली ढकलली, नटांच्या पगड्या सांभाळल्या. आणि एके दिवशी डोक्यात राख घालून सगळं सोडलं आणि माधवनगरला घरी येऊन बसलो. म्हटलं, आता आपला सिनेमा आपणच काढायचा. वडील गिरणीत मागावर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "हिरॉईन कोन हाय?" मी म्हणालो, "हिरॉईन न्हाई. हिरोबी न्हाई. एक गाव हाय, ते धरनात जानार हाय." ते म्हणाले, "आन ते बघायला मानसं का येतील?" हा प्रश्न पुढे पुष्कळ दिवस माझ्या मानेवर बसून होता. आपल्याला काही जमतं की आपण नुसताच हट्ट धरून बसलोय, या विचारानं माझा जीव सारखा खालीवर व्हायचा.

ते गाव हणमंतचं. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. हणमंत पलटणीत सिग्नलला, म्हणजे बिनतारी यंत्रांवर होता, तिथून सुटून आल्यावर कऱ्हाडात एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसायचा. माझा टेपरेकॉर्डर घेऊन मी तिथं गेलो होतो. स्क्रू पिळता पिळता तो म्हणाला, "आमचं गाव पान्यात चाललंय गड्या. समदी मानसं निगाली, पर देव हलंना." बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. ज्यांनी तेव्हा हंडाभर पाण्यासाठी मैलभर पायपीट केली, त्यांच्या उंबऱ्याशी आता पाणी येणार होतं. खाली सांगलीकडे त्यांना जमिनी मिळाल्या होत्या. घरांच्या तुळया निघाल्या, कौलं उतरली. पण भैरोबाला उचलायचं तर आधी त्याची परवानगी हवी, आणि ती घ्यायची तर कौल लावायला हवा. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या शेवंतीच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावीकडची पडली तर नाही. हणमंत हे सांगत होता आणि मला डोळ्यांपुढे सिनेमा दिसत होता. गाभाऱ्यातली ती पाकळी गळून पडते, आणि त्यानंतर फक्त रिकामं गाव. ते एक दृश्य मिळालं तर सिनेमा आहे. नाही मिळालं तर चार डबे फिल्म आणि एक वेडा माणूस, एवढंच उरणार होतं.

चार महिने मी त्या गावात हणमंतच्या घरी राहिलो. हणमंत दुकानातून सुट्ट्या काढून माझ्या टेपरेकॉर्डरवर आवाज टिपायचा. त्याच्या आईला सगळे आक्का म्हणत. ती मला दोन वेळचं जेवायला घालायची आणि बोलूनही घ्यायची. "ह्यो बघा, उठला की पळतोय. आरं, गाव कुटं जातंय? गेलं तर पान्यातच जानार हाय!" माझा कॅमेरा जुना, चावीचा. पूर्ण चावी दिली की जेमतेम पंचवीस सेकंद घरघरायचा आणि थांबायचा. मग पुन्हा चावी. घरं उतरवणारी माणसं, गोठ्यातून गाई सोडणाऱ्या बायका, हे सगळं पंचवीस सेकंदांच्या तुकड्यांत मावत होतं. पण देव काही माझ्या चावीच्या हिशोबानं चालणार नव्हता, आणि हे मला आधी सुचलंच नाही. मूर्खपणा म्हणतात तो हाच.

कौलाचा दिवस ठरला. सकाळी नाना गुरवांनी पाकळ्या लावल्या. नाना सत्तरीचे, हाडकुळे. त्या देवळात त्यांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या पूजा केलेली. दुपारपर्यंत एकही पाकळी हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चावी द्यायचो, थोडं चालवायचो, थांबायचो, पुन्हा चालवायचो. फिल्म संपत चालली होती. मनातल्या मनात मी भैरोबाला शिव्या घालत होतो, हे आज कबूल करतो. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याची चावी संपली, मी मान खाली घालून ती पिळायला लागलो, आणि देऊळ गरजलं, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" मान वर केली तर उजवी पाकळी खाली पडलेली. म्हातारी माणसं रडत होती, एकमेकांना कवटाळत होती. चार महिने ज्यासाठी थांबलो, ते माझ्या टाळक्यावरून निघून गेलं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते सिनेमातल्या माणसालाच सुचेल. मी ओरडलो, "नाना, थांबा! एकदा परत!"

"परत म्हंजी?" नानांना काही कळेना.

"परत पाकळ्या लावा. खरं इच्यारू नका. नुसत्या लावा आन उजवी बोटानं हळूच पाडा. तेवढं काढून घेतो. देव व्हय म्हनालाच हाय की!"

मला यात काही गैर वाटलंच नाही. सहा वर्षं मी नटांना मरताना बघितलं होतं. पहिलं मरण नीट झालं नाही तर ते उठायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा मरायचे. रिटेक हा माझ्या धंद्यातला रोजचा शब्द. नाना म्हणाले, "बाबा, पाकळी लावली की इच्यारलंच. नुसती लावनं कसं आसतंय?" ते नकोच म्हणत होते. पण हणमंत मध्ये पडला. "नाना, चार म्हैनं गडी आपल्यात ऱ्हाऊन राबलाय. करू द्या की. देवाचंच काम हाय." गावकरी आनंदात होते. चार जण म्हणाले, "व्हय व्हय, करा, त्येचं मन मोडू नगा." माझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी ते मान्य केलं, हे आठवलं की आजही मला लाज वाटते.

मी चावी पूर्ण दिली. उजेड बघितला, कॅमेरा सुरू केला. नानांनी उजवी पाकळी लावली, डावी लावली, हात मागं घेतला. उजव्या पाकळीकडे त्यांनी बोट नेलं मात्र, डावी पाकळी आपसूक सुटली आणि खाली आली. मी कॅमेऱ्याला डोळा लावून सगळं बघत होतो. आणि खरं सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की फोकस बरोबर होता.

नाना खाली बसले आणि म्हणाले, "डावा." बाहेर तुळया भरलेले ट्रक उभे होते, पाणी खालच्या शिवारात शिरलं होतं. कोणीतरी म्हणालं, आधीचा उजवा होता की. जाणती माणसं म्हणाली, न्हाई, शेवटचा धरायचा, देव फिरला. एक म्हातारा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्येला भाईर काडा आदी!" हणमंतनं कानावरचे हेडफोन काढले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी देवळामागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे तर खरंच. पण माझं मन किती नासकं होतं तेही सांगतो. फिल्मची पट्टी उलटी करून जोडली की चित्रातलं डावं उजवं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे माझं दृश्य माझ्या डब्यात होतं! आता सरळ एस.टी. धरावी, गावाचं गाव बघून घेईल. मी कॅमेरा पिशवीत भरला, बंद आवळले. इतक्यात आक्का आली. वाटलं, आता ही तोंडात मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"न्हाई. आक्का, माज्यामुळं..."

"तुज्यामुळंच. म्हनून तर आलिया. नदीवर जा, आंगावर पानी घे आन तसाच वल्या कापडानं देवाम्होरं जा. ह्ये मशिन हितं ठेव. मी बसते त्येच्यापाशी."

"काय मागू?"

आक्का चिडली. "मागत सुटलास म्हनून तर ह्ये झालं की रं! आता काय मागू नगंस. काय सांगायचं आसंल ते सांग."

जिचा देव मी अडकवला होता, ती बाई माझा कॅमेरा राखत पायरीवर बसली. मी नदीत उतरलो. पाणी गार होतं. ओलेत्यानं देवळात गेलो तर लोक बाजूला झाले. नानांनी तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या आणि ते बाजूला बसले. मी जमिनीवर डोकं टेकलं. येताना वाटेत चांगली वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. तोंडातून एवढंच आलं, "मला काय कळत न्हाई. माजा सिनेमा ऱ्हाऊ दे. ह्यास्नी जाऊ दे." ते म्हटलं आणि माझ्या डोक्यातली घरघर थांबली. कॅमेरा कुठं ठेवू, उजेड किती, फिल्म किती उरली, काही म्हणजे काही नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग नानांचा आवाज फुटला, "चांगभलं!" आणि माझ्या ओल्या पाठीवर गुलाल पडला. उजवी पाकळी खाली आली होती.

यावर मी कोणाशी वाद घालत नाही. ओली पाकळी कधीतरी वाळणार आणि कुठलीतरी आधी पडणार, हे मलाही कळतं. भैरोबा ट्रकात बसला, गाव त्याच्यामागून निघालं. ते मी चित्रित केलं. पण कौलाचं दृश्य माझ्याजवळ नव्हतं. होतं ते डाव्याचं.

पुढचं वर्ष फिल्म जोडण्यात गेलं. मोह सुटला म्हणावं तर तसंही नाही. मी ती पट्टी उलटी करून बघितलीच. भैरोबाच्या उजव्या हातातला त्रिशूळ डाव्या हातात गेला, बाकी सगळं झकास. कोणाला कळणार होतं? आठ दिवस ती तशीच जोडून ठेवली, आणि ते आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी सकाळी उठून ती कापली. त्या जागी दुसरं काहीच बसेना. टेप ऐकत बसलो तेव्हा कळलं की मी ओलेत्यानं देवळात शिरलो, तेव्हा हणमंतनं मी न सांगताच हेडफोन पुन्हा कानाला लावले होते आणि टेप चालू केला होता. त्यात माणसांचे श्वास होते, आढ्यावरचं पारव्याचं घुमणं होतं, आणि शेवटी नानांचं "चांगभलं". तो आवाज मी ठेवला आणि चित्राच्या जागी नुसती काळी फिल्म जोडली. जोडताना ज्यांनी ज्यांनी तो तुकडा बघितला, ते म्हणाले की इथं तुझं काहीतरी तुटलंय. मलाही तसंच वाटत होतं. मुख्य जागीच भोक पडलेला सिनेमा घेऊन मी कुठं जाणार होतो!

पहिल्यांदा दाखवायला गेलो तो सांगलीकडच्या गावकऱ्यांच्या नव्या वस्तीवर. शाळेच्या खोलीत, दुपारच्या वेळी, खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केला. आपली घरं, आपल्या गाई पडद्यावर बघून बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, नावं घेऊन हाका मारत होत्या. मग ती जागा आली. पडदा काळा झाला. आता ओरडतील, मशीन बंद पडली म्हणतील. पण कोणी हूं की चूं केलं नाही. टेपमधून नानांचा आवाज आला, आणि त्याबरोबर सगळी खोली एका गळ्यानं गरजली, "चांगभलं!"

घोंगड्या निघाल्यावर मी नानांजवळ गेलो. ते थकले होते, भिंतीला टेकून बसले होते. म्हणालो, "नाना, माफ करा. मुख्य जागी चित्रच न्हाई. मला ते काढता आलं न्हाई."

नानांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "आरं, न्हाई कसं? तू डोकं टेकलंस तवा आमी समद्यांनीच डोळं मिटलं हुतं. मीबी. उगाडलं तवा पाकळी खाली हुती. आमाला जसं दिसलं तस्संच काडलंयस की!"

त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा रडलो. वर्षभर ज्या काळ्या तुकड्याला मी माझी हार समजत होतो, तो माझ्या हातून कोणी करून घेतला, हे मी त्यानंतर कोणाला विचारलेलं नाही. त्याचे उपकार आहेत, एवढंच मला ठाऊक आहे.