भरदुपारी ढकलत नेलेली गाडी

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत दातांची डॉक्टर होते आणि माझ्याकडे एक जुनी, तिसऱ्या हाताची मोटार होती. तिच्या चोरीची भीती आमच्या घरात आणली माझ्या थोरल्या दिरांनी. ते मुंबईला असायचे. गणपतीला आले आणि म्हणाले, "मुंबईत हल्ली दारातून गाड्या जातात." मी हसले. तेव्हा त्यांनी आमच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली घेतली, गाडीत बसले, थोडी खुडबुड केली आणि गाडी सुरू करून दाखवली. माझं हसू तिथेच थांबलं.

माझ्या दवाखान्याच्या उताराखाली गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एकाची शेड होती. त्याने स्टिअरिंगच्या खाली, हात घातल्याशिवाय सापडणार नाही असं बटण बसवलं. किल्ली फिरवायची, बटण दाबायचं, मगच इंजिन सुरू. किल्ली बंद केली की पुन्हा पहिल्यापासून. इतकी अक्कल आमच्या गाडीला त्याआधी नव्हती.

"बाय, हे बटण तीन जणांनाच ठाऊक," तो म्हणाला. "तुम्ही, मी आणि देव. सायबांना पण सांगू नका."

नवऱ्याला न सांगण्याची सूचना मी फार निष्ठेने पाळली. तो कॉलेजात शिकवायचा, गाडी जेमतेम चालवायचा. दोन-तीनदा सुरू करायला गेला, जमलं नाही, तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या हाताला सवय नाही." त्याने ते खरं मानलं.

पुढे एका दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या खुर्चीत मिरकरवाड्याचे एक म्हातारे तांडेल बसले होते. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस. दाढ मात्र काढू देईना. खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं, माझी पाठ. रस्त्यावरून आरडाओरडा आला, "जोर लावा रे, हैश्शा!" मला वाटलं, कुणा गरिबाची गाडी बंद पडलेली दिसते. तेवढ्यात तांडेलांनी माझं मनगट धरलं आणि "आ, आ" करू लागले.

"दुखणारच थोडं. तोंड उघडं ठेवा."

ते आणखी जोरात ओरडले, पाय झाडले, खिडकीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "तिकडेच बघत राहा, दुखणं कमी वाटेल." आणि दाढ उपटली.

तोंड मोकळं होताच ते रक्त थुंकून म्हणाले, "बाय, गाडी गेली तुमची! मगासधरनं तेच सांगतंय मी!"

मी एप्रनसकट खाली धावले. शेजारचा किराणावाला अभिमानाने हात झाडत उभा होता. "तुमचा भाचा आला होता ना? इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. गाडी सुरू होईना बिचाऱ्याची. आम्हीच पाच जणांनी उतारावर ढकलून दिली."

"उतारावर सुरू झाली?"

"छे. खाली वायरिंगवाल्याकडे नेऊन लावली."

मी वायरिंगवाल्याकडे पोहोचले तेव्हा तो चहा पीत होता. मला बघून खूश झाला. "भाच्याला बटणाचं सांगितलं नव्हतंत ना? बरं केलंत. मी पण नाय सांगितलं. म्हटलं, तोंड फिरव तिकडे. मगच दाबलं."

"मला भाचाच नाही हो!"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "पण त्याला एकट्याला नाय जमली ना सुरू करायला?"

मला संताप इतका आला होता, की हातातला चिमटा मी त्याच्यावर उगारला. चिमट्यात तांडेलांची दाढ अजून तशीच होती.

चौकीत तक्रार लिहिता लिहिता हवालदाराने विचारलं, "बटण होतं, तर गाडी गेली कशी?" शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने विचारलं, "कसलं बटण?"

संध्याकाळी पालीहून पोलिसांचा फोन आला. माझा भाचा कोल्हापूरच्या रस्त्याला लागला होता, पण पालीला त्याला भजी खायची इच्छा झाली आणि त्याने किल्ली बंद केली. तिथल्या लोकांनीही गाडी दोनदा ढकलून दिली. मग तो कंटाळून एसटीने निघून गेला. आम्ही जीप करून गेलो. गाडी हॉटेलासमोर धडधाकट उभी होती. मागच्या सीटवर काळा चष्मा राहिला होता. परतताना नवरा माझ्या शेजारी बसला. वाटेत हातखंब्याला म्हणाला, "हाताला सवय नाही, काय?" मला भयंकर शरम वाटली आणि त्याहून जास्त हसू आलं. मग तोही हसला.

आता गाडीच्या किल्लीतच चिप असते, ओळख पटल्याशिवाय इंजिन जागं होत नाही, असं शोरूमचा मुलगा परवा मला समजावत होता. मी मान डोलावली.

त्या चोरीने वायरिंगवाल्याचं मात्र नाव झालं. "डॉक्टरबायची गाडी ह्याच्या बटणाने वाचली," अशी बातमी गावभर गेली आणि दोन महिन्यांत त्याने डझनभर गाड्यांना बटणं बसवली. सगळी स्टिअरिंगच्या खाली, डाव्या हाताला. तिथे वायर ओढायला त्याला सोपं पडायचं. अख्ख्या रत्नागिरीला ती जागा ठाऊक होती, आणि तरीही प्रत्येक जण बटण दाबताना शेजारच्याला तोंड फिरवायला सांगायचा.