जुना केलेला पाळणा

आमच्याकडे बाळाला नवा पाळणा आणत नाहीत. ज्या घरची पोरं जगली, वाढली, त्या घरचा जुना मागून आणायचा, म्हणजे आपलंही मूल जगतं. माझी आधीची दोन गेली होती. तिसऱ्याच्या वेळी मी नवऱ्याला बजावलंच, "मागूनच आणा. नवा आणलात तर उंबऱ्यातून परत पाठवीन."

पण मागायचा कुणाकडे? पिंपरीच्या त्या वस्तीत कंपनी नवी, चाळ नवी, शेजारणी माझ्याच वयाच्या. ज्यांच्याकडे पाळणा असेल त्यांना माझी दोन गेलेली ठाऊक. देतील कशाला?

एका रविवारी हे पाळणा घेऊन आले. काळपट तांबूस, कडा झिजलेल्या, कठड्यावर दातांच्या खुणा. "चिंचवड गावातल्या एका बाईचा आहे. पाच पोरं वाढली यात," म्हणाले.

मी हुंगून म्हटलं, "काताचा वास येतोय हो."

"पानखाऊ घर आहे ते!"

मी हसले. मला विश्वास ठेवायचाच होता, बाई.

मुलगा झाला. झोका देताना मी त्याला त्या पाच जणांच्या गोष्टी सांगायची. थोरला पैलवान, धाकटी नकटी आणि भांडकुदळ. सगळं माझ्या मनचंच. त्या माउलीला बारशाला बोलवा म्हणून मी ह्यांच्या मागे लागले, तर ती माहेरी गेलेली. नंतर विचारलं तरी माहेरीच. "कसली मेली बाई, पोरं टाकून माहेरी बसलीय!" मी चिडायची. हे झोका द्यायला लागायचे.

मग मुलाला ताप आला. डॉक्टरांनी सुया टोचल्या, मी नवस बोलले. तरी गेला.

रडून रडून कोरडी झाले, तेव्हा मी एकच ध्यास घेतला. पाळणा त्या बाईला परत द्यायचा. उद्या तिची नातवंडं त्यात निजतील, आमचं नशीब तिच्या घरात शिरायला नको, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून तो दारात ठेवला. हे जागचे हलेनात.

"उचला की! पाय मोडलेत का?"

"कुठं नेऊ?" हे म्हणाले आणि तिथंच खाली बसले.

मग सगळं बाहेर पडलं. पाळणा नवा होता, कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्यांचा, ह्यांनीच जोडलेला. बाजारातल्या पॉलिशवाल्या चाचांनी काताचं पाणी पाजून, वर चुन्याची निवळी फिरवून त्याला जुना केला होता. गंजके खिळे चिंचेच्या पाण्यात भिजवून त्या पाण्यानं काळे डाग पाडले होते. दातांच्या खुणा ह्यांनी स्वतः कानशीनं कोरल्या. "तुला धीर यावा म्हणून गं," म्हणाले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

भाजीवाल्याशी भांडताना चाळ डोक्यावर घेणारी मी, पण तेव्हा हळूच एवढंच विचारलं, "आणि ती पाच?"

"कुणीच नव्हतं गं."

मला तो थोरला दिसत होता. ती नकटी दिसत होती. त्या दिवशी माझी आणखी पाच मुलं गेली.