अ विंगच्या मंडळींना, साताऱ्याहून

आमचं वॉशिंग मशीन टेम्पोत चढत होतं तेव्हा आपल्या सोसायटीच्या अध्यक्षा, देवस्थळी काकू खाली आल्या. मला वाटलं निरोप द्यायला आल्या. पण त्या थेट लिफ्टमध्ये शिरल्या, आतल्या पत्र्यावर बोट फिरवून ओरखडा पडला नाही ना ते बघितलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. "सातारा का? छान. हवा चांगली आहे म्हणतात. करण्यासारखं काही नाही तिथे, पण हवा चांगली आहे." माझ्या लेकीला विचारलं, "शाळा आहे ना गं तिथे?" आमच्या सासूबाई गाडीत मागच्या सीटवर मांडीवर मिक्सर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे काकूंनी ढुंकूनही पाहिलं नाही. खराडीपासून कात्रजपर्यंत मी मनात एकच घोकत होते, बाई, तुला मी बघून घेईन.

मंडळींनो, तुम्ही सगळे तेव्हा गॅलरीतून बघत होतात. काहींनी हातही हलवला. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. आम्ही गेल्यावर लिफ्टमध्ये काय काय चर्चा झाल्या ते माझ्यापर्यंत पोचलंय, कोणी पोचवलं ते सांगणार नाही. निखिलची नोकरी गेली म्हणे. माझ्या नवऱ्याची नोकरी शाबूत आहे. महिन्यातून दोनदा येतो तो खराडीच्या ऑफिसला, तुमच्याच गेटवरून जातो. आम्ही गेलो त्याचं कारण लॉबीतला बाक.

मी नारायण पेठेतली. आमच्या बाबांचं म्हणणं असं, "पुण्याबाहेर माणसं राहतात हे मला मान्य आहे. पण ती आपल्याकडे येतात, आपण जात नाही." लग्न करून खराडीला गेले तेव्हाच त्यांच्या लेखी मी परगावी गेले होते. टोमणा मारायचा कसा आणि गिळायचा कसा, दोन्ही मला माहेरीच शिकायला मिळालं. सासूबाईंना मी आईच म्हणते; त्या वाशिमच्या. सासरे गेल्यावर निखिल त्यांना आमच्याकडे घेऊन आला. संध्याकाळी त्या लॉबीतल्या बाकावर जाऊन बसायच्या आणि लिफ्टशी जो कोणी येईल त्याला विचारायच्या, "जेवली काय वं माय?" नाहीतर, "काहून इतका उशीर केला बाबू?" लॅपटॉपची बॅग लटकवून, वैतागून घरी आलेली माणसं तुम्ही. काही जण हसून उत्तर द्यायचात. बरेच जण पलीकडे कोणी नसताना मोबाइल कानाला लावायचात. दिसायचं मला ते.

मग एक दिवस काकू त्यांना म्हणाल्या, "आजी, ही लॉबी आहे. बसस्टँड नव्हे." लगोलग ग्रुपवर मेसेज. 'लॉबी ये-जा करण्यासाठी आहे. ज्यांना गप्पांची हौस आहे त्यांनी ती आपापल्या घरी भागवावी. कळावे.' त्याखाली तुमचे अंगठे पडले. कोणाकोणाचे, ते मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी बाक गायब. आई खाली गेल्या, बाक होता तिथे जरा वेळ उभ्या राहिल्या आणि परत वर आल्या. मी तणतणत भांडायला निघाले तर माझा हात धरला. "जाऊ दे वं." त्यानंतर त्या खाली गेल्याच नाहीत.

घरात आम्ही होतो की. पण आम्ही म्हणजे कोण? निखिल हेडफोन लावून अमेरिकेशी बोलतोय, मी नगर रोडवर अर्धमेली होऊन घरी पोचतेय, लेक क्लासला. आई टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीला विचारायला लागल्या, "जेवली काय वं?" आधी आम्ही हसलो. पुढे त्यांनी तिलाही विचारायचं सोडलं. टीव्ही चालू आणि आई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "आजार काही नाही, त्यांना माणसांत ठेवा." आता खराडीत माणसं कुठून आणायची? त्याच आठवड्यात निखिल म्हणाला, "आपण जाऊ या इथून." आणि मी, नारायण पेठेची मुलगी, लगेच हो म्हणाले. वाशिम फार लांब पडलं असतं, म्हणून सातारा. गल्लीत तळमजल्याचं घर, पुढे ओटा.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी रडकुंडीला आले होते. आमच्याकडे आज भाजी कोणती आणि ती करपली का, हे गल्लीला आमच्या आधी कळतं. वीज गेली की निखिलची मीटिंग गेली. नाटक बघायचं तर वाट बघत बसा. पण एका सकाळी भाजीवालीने ओट्यावर टोपली टेकवली आणि आईंना म्हणाली, "मावशी, कुठल्या म्हणायच्या तुम्ही? बोलणं न्यारंच हाय तुमचं." आई म्हणाल्या, "वाशिमची वं. तू जेवली काय?" "न्हाई बघा अजून!" झालं, बाई उठायचं नाव घेईना. दुपारी कित्येक महिन्यांनी आईंनी पुन्हा भात मागून घेतला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

रडून झाल्यावर मी कामाला लागले. बिल्डिंगचा ग्रुप मी सोडला नव्हता, हे तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे. सकाळी तुमचं सुरू व्हायचं, 'नगर रोड जाम आहे का?' की मी आमच्या गल्लीचा फोटो टाकायचे. 'आत्ताच एक म्हैस गेली. आता रस्ता मोकळा.' तुम्ही विचारायचात, 'टँकर कधी येणार?' मी नळाचा व्हिडिओ टाकायचे, आवाजासकट. निखिल दुपारी घरी गरम पोळी खातोय, लेक चालत शाळेत जातेय, सगळं सगळं टाकलं. निखिल म्हणायचा, "अगं, बास की आता." बास कसलं? मला तुमचा जळफळाट हवा होता, आणि देवस्थळी काकूंचा सगळ्यात जास्त.

पण एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. दुसरं गाव बरं आहे असं पुणेकराला सांगितलं की ते खोटं ठरवायला तो जातीने येतो. देवस्थळी काका-काकू एका रविवारी बघायला म्हणून आले आणि काका इथेच रमले. पुढच्या महिन्यात त्यांनी आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, वरचा मजला भाड्याने घेतला. "तीन महिने राहून बघतो," काका म्हणाले. माझ्या हातातला कप पडायचाच बाकी होता.

काका सकाळी अजिंक्यतारा चढायचे आणि येताना चार नवे मित्र घेऊन यायचे. काकूंची मात्र कुठे डाळ शिजेना. आल्या आल्या त्यांनी शेजारणींना ओला कचरा आणि सुका कचरा समजावला. दूधवाल्याला घड्याळ दाखवलं, तर तो दुसऱ्या दिवसापासून येईचना. संध्याकाळी त्या फाटकाची जाळी धरून उभ्या असायच्या आणि गल्ली त्यांच्यासमोरून हसत-बोलत आमच्या ओट्यावर यायची. मी खिडकीतून बघायचे आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

एका संध्याकाळी त्या आल्याच. आई आत होत्या, ओट्यावर मी एकटीच. काकू काठावर टेकल्या आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बसू का जरा?" इतके महिने तोंडात घोळवलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं. "काकू, हा ओटा आहे. बसस्टँड नव्हे." त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. उठल्या आणि चालू लागल्या. काय सांगू, असं गार वाटलं मला!

मागे वळले तर दारात आई. हातात भाजलेल्या शेंगांची ताटली. आता या म्हणणार, म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"तुले कोनं सांगतलं बोलाले?" आई कडाडल्या.

"आई, त्यांनी तुम्हाला केवढं..."

"मले केलं ना? तुले तर नाही केलं? माहा राग व्हता तो! इतके दिवस जपून ठेवला, अन् तू मधातच येऊन खर्चून टाकला!"

"मग तेव्हाच का नाही बोललात? उलट माझा हात धरलात."

"तिथं कोनाच्या भरवशावर बोलू? तिथं मी पाव्हनी व्हती वं. पाव्हन्यानं भांडू नाही. आता ते माह्या दारात आली, तर तू हाकलून दिली!"

पोटच्या पोराच्या घरात ही बाई इतकी वर्षं पाहुणी म्हणून राहत होती, आणि मला वाटत होतं मी तिच्या वतीने लढतेय. आईंनी ताटली माझ्या हातात कोंबली, पदर खोचला आणि गल्लीतून तरातरा देवस्थळींच्या फाटकाशी गेल्या. "ओ अध्यक्षीणबाई! बाहीर या!"

काकू बाहेर आल्या. अख्खी गल्ली बाहेर आली. "बाक नेला तो नेला, पन चोरावानी काहून नेला? मले तोंडावर सांगाले काय झालतं?" काकू म्हणाल्या, "सभेत तसा ठराव झाला होता, आजी." "ठराव घाला चुलीत!" भाजीवाली मागून ओरडली, "बोला मावशी, बोला!" आपल्या आईचा आवाज एवढा चढतो, हे निखिललाच माहीत नव्हतं. तो कानातले हेडफोन काढून ओट्यावर उभा. मी शेंगांची ताटली धरून त्याच्या शेजारी. घसा बसला तेव्हा आई परत आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अर्धं राह्यलं. उद्या बोलीन."

मला वाटलं देवस्थळी आता गाशा गुंडाळणार. तीन महिने कधीच उलटून गेले, त्या इथेच आहेत. संध्याकाळी त्या स्वतःच आमच्या ओट्यासमोर येतात आणि उभ्याने आईंना उत्तरं देतात. बसा असं आई अजून म्हणालेल्या नाहीत, आणि मी मध्ये पडत नाही.

घर कसं असावं यावर मी पूर्वी पुष्कळ बोलायचे. शाळा जवळ हवी, पाणी हवं, ऑफिस लांब नको. आता जिथे आईंना हक्काने भांडता येतं ते आमचं घर, एवढंच मला कळतं. तुमच्यापैकी आणखी कोणाच्या मनात इकडे यायचं असेल तर जरूर या, खोली मी बघून देईन. आईंना तुम्ही सगळे अगदी मजल्यानिशी आठवता. परवाच मला विचारत होत्या, ते सातव्या मजल्यावरची कानात बोळे घालून फिरणारी पोट्टी कधी येते म्हणून.