पाणक्या

"पाणक्या? अहो, हे काम तर तुमच्या आजोबांना कुणी दिलंच नसतं!"

मंडळाचे अध्यक्ष काका असं म्हणाले आणि हॉलमधले सगळे हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अमेरिकेतल्या फ्रिस्कोतली गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या स्पोर्ट्स डेला आमचे कोच पाहुणे म्हणून येणार होते. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले, गुडघ्यापायी रिटायर झालेले, आता इथे पोरांना सॉकर शिकवतात. शनिवारी मी त्यांच्या हाताखाली असतो, म्हणून त्यांच्या कारकिर्दीची ओळख करून देणं माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी तालीम होती. मी वाचत होतो, 'हे चेंडू हिसकावायचे आणि गोल करणाऱ्याला नेऊन द्यायचे. नाव त्याचं व्हायचं. पेपरवाले यांना हिणवून पाणक्या म्हणायचे.'

फ्रेंचमध्ये 'पाणी वाहणारा' असाच शब्द आहे. मराठी शब्द मी शोधला. सापडला तेव्हा केवढा खूश झालो! विसरलो की पाणक्या व्हायलासुद्धा जात लागायची. ज्याच्या हातचं पाणी चालतं, त्यालाच घागर घेऊन घरात शिरता यायचं. माझ्या आजोबांना विहिरीच्या काठावर चढू देत नसत. काका विसरले नव्हते. पहिल्या भेटीतच त्यांनी आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग 'म्हणजे नक्की कोण?'

कोच तालमीला बसले होते. परत जाताना गाडीत त्यांनी विचारलं, सगळे एवढे का हसले? मी सांगितलं. विहिरीसकट सगळं.  ते म्हणाले, "मला तसं म्हणायचे तेव्हा मीही हसायचो. दोन वर्षं. गुडघा गेला त्याचं काही नाही. त्या हसण्याची लाज वाटते."

माझं डोकं तापलं ते तिथे.

दुसऱ्या दिवशी माइक माझ्या हातात होता. पहिल्या रांगेत काका, शेजारी त्यांची इथेच जन्मलेली नातवंडं. मी कोचची कारकीर्द मराठीत सांगितली. टाळ्या पडल्या. मग इंग्रजी सुरू केलं. कालचा विनोद सांगितला, जसाच्या तसा. कुणी केला, तेही. त्यात हसण्यासारखं काय होतं हे पोरांना कळावं म्हणून जात म्हणजे काय तेही सांगितलं. कुणी हसलं नाही.

मोठी नात काकांकडे वळली. "आबा, डिड यू रिअली से दॅट?"

काका बुटाच्या लेसशी चाळा करत राहिले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं. "अरे, जोक होता तो! पोरांसमोर कशाला इन्सल्ट केलास?" काल 'अहो' होतो, आज 'अरे' झालो.

"पोरांसमोरच करायचा होता, काका."

संध्याकाळी मला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. काढू देत. मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. असे हॉल पुष्कळ आहेत, असे काकाही पुष्कळ. यापुढे आडनावावरून जिथे कुणी हसेल, तिथे मी उभा राहीन आणि त्यांच्याच पोरांना कळेल अशा इंग्रजीत ते सांगेन. आवाज चढवून. एकही शब्द न गाळता.