गाडीले लिफ्ट

दोन महिने मी नुसता स्प्रिंगा आणि शॉकअपचे व्हिडिओ पाहत होतो. स्प्रिंगा बदलून माझी जुनी जीप तीन इंच उंच करायची, म्हणजे आम्हा पोरांच्या भाषेत 'लिफ्ट' लावायची, आणि रविवारी चिखलात दोस्तांची तोंडं बंद करायची, एवढंच डोक्यात.

एकदा जेवता जेवता आईला म्हणालो, "गाडीले लिफ्ट लावून राहिलो."

तिचा घास हातातच थांबला. "माह्यासाठी काय गा?"

माझं सारं लक्ष मोबाइलमध्ये. म्हणून टाकलं, "हो."

दुसऱ्या दिवशी प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीभर बातमी! समोरच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, "काय बाप्पा, गाडीत लिफ्ट? दवाखान्यात असते तशीच काय?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आईला जीपमध्ये चढता येत नव्हतं. तिची मोठी बहीण सावनेरच्या पुढं एका खेड्यात राहते, आता घराबाहेर पडत नाही, आणि तिथल्या चाकोऱ्यांत साधी गाडी पोटावर टेकते. दीड वर्ष दोघींची भेट नाही. आईनं बहिणीसाठी घेतलेलं लुगडं कपाटातून काढून ठेवलंही होतं. मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मला राग येतो.

तो राग घेऊनच मी सावनेर रोडवरच्या मिस्त्रीकडे गेलो. "तीन इंच. भारीवाल्या स्प्रिंगा टाका."

"मागं वजन किती रायते?"

"काहीच नाही."

"मंग काहून भारी पाह्यजे? रिकामी गाडी दगडासारखी आपटन. बसते कोण?"

मी हसत हसत आईचा घोटाळा सांगितला. तो हसला नाही. हात पुसत म्हणाला, "उद्या मायले घेऊन या."

"मले स्प्रिंगा पाह्यजे, सल्ला नाही," मी तडकलो. तो आपला पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली सरकला. झालं!

पण रात्रभर ते लुगडं डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी आईला रिक्षानं घेऊन गेलोच. त्यानं लाकडी ठोकळे एकावर एक रचले आणि तिला पाय ठेवायला लावला. तिसऱ्या ठोकळ्यावर ती कळवळली. त्यानं दुसऱ्यावर खडूनं रेघ ओढली.

"गाडीले लोखंडी पायरी लावू, ती इथं येईन," तो मला म्हणाला. "गाडी दीड इंचच उचलू. स्प्रिंगा नरम, अन् शॉकअप त्याच मापाचे. नाहीतर खड्ड्या-खड्ड्यात मायचे गुडघे बोलतीन."

आई हळूच म्हणाली, "पण लिफ्ट कुठं आहे गा?"

मिस्त्रीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हेच तं आहे, माय. इथं पाय, वर हा दांडा धरायचा. गाडी उचलून घेईन तुमाले."

आठ दिवसांनी आम्ही निघालो. आई दांडा धरून एका दमात चढली आणि तिनं गल्लीकडे असं पाहिलं की विचारू नका. चाकोऱ्यांत जीप डुलली, पण आपटली नाही. मी पुन्हा पुन्हा विचारत होतो, "दुखून राहिलं का?" शेवटी ती वैतागली, "समोर पाहून चालव!"

अंगणात खाटेवर मावशी बसली होती. दोघी गळ्यात पडून रडल्या, मग त्याच दमात भांडल्याही.

"एवढ्या उंच गाडीत चढली कशी वं?"

"लेकानं लिफ्ट लावली, माह्यासाठी," आई म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली.

मावशीनं त्या लोखंडी पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीन पोरं वाढवलेली बाई ती. "खरं सांग, आधी कोणासाठी लावून राहिला होता?"

मी मान खाली घातली. "माह्यासाठी."

"राहू दे, तिले सांगू नको," तिनं माझा हात दाबला. "आता तं तिच्याचसाठी आहे ना?"

त्या मिस्त्रीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. माझं खोटं 'हो' त्यानं खरं करून दिलं.