काकूचं दुसरं कार्ड

भांडणात शब्द संपले की आमचे बाबा राउटरचं बटण बंद करतात. राउटर त्यांच्या खोलीत, कपाटावर; आणि वरच्या मजल्यावरच्या माझ्या काकूचं सगळं काम त्याच्या जिवावर. या सवयीचा मला मनस्वी संताप येतो.

काकू दुभाषी आहे. दवाखान्यात डॉक्टर बोलतात, ती लॅपटॉपवरून ऐकू न येणाऱ्या पेशंटला हातांच्या खुणांनी ते सांगते. ही भाषा ती काकांमुळे शिकली. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मीही लहानपणीच शिकले. बाबांनी मात्र सख्ख्या भावासाठी चार खुणा शिकायची तसदी घेतली नाही. काका गेल्यावर म्हणू लागले, "वहिनी, आता पुरे झाले हातवारे. घरात काय कमी कामं आहेत?" काकूने दाद दिली नाही. मग दोनदा तिचा कॉल मध्येच तुटला. तिसऱ्यांदा तुटला तर दवाखान्याच्या दुभाष्यांच्या यादीतून तिचं नावच जाणार होतं.

काकू रडत बसली नाही. बोटाच्या पेराएवढं वायफायचं कार्ड आणून तिने लॅपटॉपच्या कडेला खोचलं. आतलं कार्ड घरच्या राउटरवर, हे नवं समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या वायफायवर, दुकानदाराला रीतसर विचारून. दुरुस्तीवाल्याने नाक मुरडलं.

"ताई, एका लॅपटॉपमध्ये दोन कार्डं भांडतात."

"भांडू देत. एक रुसलं की दुसऱ्यानं काम करायचं, एवढं बसवून दे."

मंगळवारी सकाळी चहाला उशीर झाला आणि खाली बाबांचा आवाज चढला. वर काकू एका गरोदर बाईला ऑपरेशनबद्दल समजावत होती. मी शेजारीच होते. एकदम डॉक्टरांचा चेहरा पडद्यावर थिजला. तीन-चार सेकंद गेले, नव्या कार्डाचा दिवा लुकलुकला आणि डॉक्टर पुढे बोलू लागले. काकूचे हातही चालू झाले. बाईने सगळं समजल्याची मान हलवली, तेव्हाच काकू उठली.

खाली जाऊन ती बाबांसमोर उभी राहिली आणि सावकाश, एकेक खूण करत हातांनीच बोलली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतायत या?"

मी शब्दन्‌शब्द सांगितलं, "भाऊजी, बटण चालू करा. पोरीचा अभ्यास अडतो. माझं आता काही अडत नाही."