नीलावहिनींसाठी उचललेली जीप

आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारी माणसं पुष्कळ आहेत. रविवारी सकाळी बादली-फडकं घेऊन अशी कामाला लागतात, की घरच्या भांड्यांना त्यांचा तेवढा हात उभ्या जन्मात लागला नसेल. किसन ओव्हाळ त्यांच्यातला नाही. तो गाडी पुसत नाही, गाडीखाली झोपतो. मी चऱ्होलीत राहायला आलो तेव्हा मला आधी त्याचे पाय दिसले आणि बऱ्याच वेळाने माणूस बाहेर आला. "उद्धवराव ना तुमी? आमच्या समोरच्या दाराचे?" असं म्हणून त्याने ग्रीसने माखलेला हात पुढे केला. मी मनगट पुढे केलं. तेव्हापासून आमची दोस्ती आहे, आणि तिच्यात छळ बहुतेक माझाच झालेला आहे.

चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत त्याची सगळी नोकरी गाडीच्या पोटाखाली गेली. तिथे गाडी वरून लटकत पुढे सरकते आणि खाली उभ्या माणसाने मान वर करून नट आवळायचे. स्प्रिंगचे पाटे, शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुश एवढंच त्याचं जग. दारं, सीट, काचा पुढच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या पुढच्या विभागात बसायच्या, तिकडे त्याचं काही कामच नसे. निवृत्त होणाऱ्याला हार घालून कंपनीच्या नव्या गाडीतून घरी सोडायची तिथे पद्धत आहे. त्या दिवशी किसन आपण बांधलेल्या गाडीत पहिल्यांदा बसला, आणि वाटभर पाट्यांचा आवाज ऐकत घरी आला.

नीलावहिनी त्याची बायको. बाई बोलायला खमकी, आणि चालायला तर अशी की पूर्वी आळंदीच्या बाजाराला रिक्षा करायची नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, कमरेत स्क्रू बसले. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, पिळायचं नाही, दणका तर अजिबात बसू द्यायचा नाही. आमच्याकडच्या रस्त्यांवर दणका बसू न देणं म्हणजे घरातच बसणं. वहिनी घरात बसल्या. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या बिल्डिंगची गॅलरी, तिच्या पलीकडे आणखी एका बिल्डिंगचा सांगाडा. मी दार उघडं ठेवून पेपर वाचत असलो की आतून त्यांचा आवाज यायचा, "भाऊजी, बाहेर काय चाललंय?" मी सांगायचो, काही नाही. खरंच काही नसायचं, पण त्यांच्यासाठी काहीतरी असायला हवं होतं, असं मला वाटायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

वहिनींचं माहेर राजगुरुनगरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीत. तिथे त्यांचा भाऊ भिमाजी आणि ऐंशी ओलांडलेली आई. म्हातारी खाली यायला तयार नव्हती. "त्या डब्यात येऊन मेले तर मला वर कोण नेणार?" एवढंच तिचं म्हणणं. फोनला रेंज नाही. भिमाजी टेकाडावर चढून फोन लावायचा तेव्हा आई खाली घरात असायची, आणि तिला ऐकूही कमी येतं. म्हणजे आई वर अडकलेली, लेक खाली अडकलेली. भिमाजीने एकदा सुचवलं की डांबरी संपते तिथून चार पोरं झोळीतून वर नेतील. वहिनी म्हणाल्या, "त्या वाटेनं मी पाण्याच्या दोन घागरी घेऊन चढलीय. झोळीत पडून माहेरला जायची न्हाई." मग एके दिवशी जेवताना हात थांबवून त्या म्हणाल्या, "आई जायच्या आत तिचं तोंड बघायचंय. बाकी काही नको." हे मला किसनने पार्किंगमध्ये सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात एक जुनी जीप आणून उभी केली.

डांबरीनंतरचा तुकडा ओढ्यातून जातो. साधी गाडी तिथे पोट टेकते. कडक पाट्यांची जीप पोट टेकत नाही, पण माणसाची हाडं मोजून देते. गाडी उंच पाहिजे आणि बसणाऱ्याला मऊही पाहिजे, हा पेच. भोसरीचा गॅरेजवाला रविराज म्हणाला, "काका, दोन पाटे जास्तीचे टाकतो, सहा इंच उचलतो, वाघ दिसंल वाघ."

"मला बायकोला बसवायचंय रे," किसन म्हणाला, "ऊस भरायचा न्हाई."

तो बसने वाडीला गेला आणि ओढ्यातला सगळ्यात उंच दगड वितीने मोजून आला. "दोन इंच वर घेतली की निघतीय. त्याच्या वर एक सूतसुद्धा हावरटपणा." मग त्याने जे केलं ते उलटंच होतं. पाटे वाढवायच्या ऐवजी त्यातला सगळ्यात जाड पाटा काढून टाकला आणि बाकीच्यांना नव्याने कमान देऊन आणली. पाट्यांच्या मध्ये घासू नये म्हणून नायलॉनच्या पट्ट्या घातल्या. जरा लांब शॉकॲब्सॉर्बर, जरा मोठे टायर आणि त्यांत हवा कमी. उंच झालेली गाडी वळणावर झोकांड्या खाऊ नये म्हणून चाकं थोडी बाहेर घेतली. हे सगळं मला पाठ आहे, कारण हे सगळं मला त्याच्या पायांशी बोलत ऐकावं लागलं.

मग तपासणी. माझीही कंबर जन्माची दुखरी, म्हणून परीक्षेला मला बसवलं. चढताना दांड्याला लोंबकळावं लागलं, गुडघा कुरकुरला, पण परीक्षा कमरेची होती, गुडघ्याला कोण विचारतो? खोदून ठेवलेल्या मोशीच्या रस्त्यावरून त्याने मला फिरवलं. मी खड्डा बघून डोळे मिटायचो आणि खड्डा पाळण्यासारखा निघून जायचा. शेवटी मी म्हणालो, "लेका, माझ्या सासऱ्याने दिलेल्या पलंगापेक्षा बरी आहे." किसन हसला. त्याला हसताना मी फार दिवसांनी बघत होतो.

निघायच्या दिवशी वहिनींनी नवं लुगडं नेसलं, आईसाठी शाल आणि खारीचा पुडा घेतला. वॉचमनने फाटक उघडून धरलं. किसनने दार उघडलं. वहिनी दारापाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या.

पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर आली होती. पाय तेवढा उचलायचा तर कंबर वाकणार, वर चढून बसायचं तर पिळणार. त्यांनी एकदा पाय उचलला, परत खाली ठेवला. किसन दाराकडे असा बघत राहिला, जणू गाडीला दार असतं हे त्याला आज कळत होतं. सगळं आयुष्य ज्याने गाडी खालून बघितली, त्याने जमिनीपासून पोटापर्यंत इंच न इंच मोजला होता. दार पुढच्या शॉपचं काम.

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. "वर जाते मी. भाजी टाकायचीय." आणि लिफ्टकडे वळल्या. नव्या लुगड्यात भाजी टाकायला निघालेली ती बाई बघून मला इतका संताप आला की मी वॉचमनवरच खेकसलो, "बघतोस काय, फाटक लाव." तो बिचारा लावायला गेला तेव्हा मला त्याच्या केबिनचा चौथरा दिसला. मांडीएवढा उंच, मागून चार सोप्या पायऱ्या. जीप चौथऱ्याला चिकटवून लावली तर सीट बरोबर बसायच्या उंचीला येत होती. वहिनी पायऱ्यांनी वर गेल्या, सरळ उभ्या राहिल्या, मागे होऊन सीटवर टेकल्या. किसनने त्यांचे दोन्ही पाय एकदम उचलून आत वळवले. कंबर वाकली नाही, पिळली नाही.

"आणि तिथं कुठं उतरायचं?" वहिनींनी विचारलं.

मग त्याच म्हणाल्या, "आईच्या घराला वटा हाय की. त्येच्यावरनं मी उड्या टाकायची. अस्साच हाय, मांडीएवढा." नशीब म्हणजे भिमाजी आमची वाट बघत टेकाडावरच होता, फोन लागला. "हाय की वटा," तो ओरडला. "नवा केलाय, फरशी बशिवलीय." आम्ही तिघंही खूश झालो.

मी वर घरी जायला वळलो, तर किसन म्हणाला, "तुमी पन चला. मागं वजन लागतं. रिकामी जीप उडती." म्हणजे मी पोत्याच्या जागी गेलो.

चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मध्ये आम्ही इतका वेळ अडकलो की वहिनींचे पुढच्या कंटेनरच्या टायरवरचे सगळे नट मोजून झाले. पण त्या कुरकुरल्या नाहीत. राजगुरुनगर मागे पडलं, डावीकडे धरणाचं पाणी दिसायला लागलं, तशी त्यांची मान हळूहळू वर झाली. ओढा आला. किसनने गाडी अगदी सावकाश घातली. दगड पोटाखालून एकेक निघून गेले, एकही लागला नाही. जीप डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि वहिनी सीटवर नुसत्या हलल्या. किसनने विचारलं, "दुखलं?" त्या म्हणाल्या, "गप चालवा." मला त्या क्षणी हा माणूस फार मोठा वाटला, हे त्याला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

वाडीत पोचलो. भिमाजीचं घर नवं होतं, घरकुल योजनेतलं. दारासमोर ओटाही होता, गुळगुळीत फरशीचा, आणि उंचीला एक वीत.

"जुना कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"आईला चढता येईना गं," भिमाजी म्हणाला. "म्हनून खाली घेतला."

बायकोसाठी नवऱ्याने गाडी उचलली होती आणि आईसाठी लेकाने ओटा खाली घेतला होता. चूक कुणाचीच काढता येईना, आणि वहिनी माहेरच्या दारात येऊन जीपमध्ये अडकल्या होत्या. बाज आणली, किसनने तिच्यावर उभं राहून बघितलं, ती डुगडुगली. चार पोरं म्हणाली आम्ही अलगद उचलतो. किसनने हात आडवा केला. भिमाजी दगड गोळा करायला धावला, पण तसा चौथरा रचायला दिवस गेला असता आणि आम्हाला उजेड आहे तोवर ओढा उतरायचा होता. वहिनी पाय बाहेर सोडून सीटवर ताठ बसल्या होत्या.

तेवढ्यात म्हातारी आली. कमरेत पार दुमडलेली, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. जीपपाशी आली तेव्हा लेकीचे लोंबते पाय बरोबर तिच्या तोंडासमोर होते. तिने भाकरतुकडा पायांवरूनच ओवाळून टाकला, पाणी घातलं आणि पदराने पाय पुसायला लागली. पुसता पुसता डाव्या अंगठ्यावरचा जुना वण तिच्या बोटाला लागला. "हा गवत कापताना इळा लागल्याचा," ती म्हणाली. "हीच माजी नीला. उतर गं, बाय."

"आई, मला उतरता येत न्हाई," वहिनी मोठ्याने म्हणाल्या.

"मंग बस. मी हाय हितं."

म्हातारीला मान वर करता येत नव्हती. वहिनींना खाली वाकता येत नव्हतं. एकीला दिसत होते पाय, दुसरीला दिसत होते पांढरे केस. तोंड बघायला आलेली बाई आईच्या डोक्याकडे बघत बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्या केसांवर पडत होतं. मी तोंड फिरवलं.

फिरवलं तर किसन हत्यारांची पिशवी उघडत होता. त्याने दाराबाहेरच्या आरशाचा नट ढिला केला, आरसा हातात घेतला, आणि सवयीने जमिनीवर उताणा झोपला. दोघींच्या पायांशी, चिखलात. झोपून त्याने दोन्ही हातांनी आरसा आकाशाकडे तोंड करून वर धरला, जसा आयुष्यभर गाडीखाली पाना धरला तसा. थोडा इकडे, थोडा तिकडे केला.

म्हातारी खाली बघतच होती. तिला आरशात लेक दिसली.

"म्हातारी झालीस की गं तू," ती म्हणाली.

"व्हय आई," वहिनी म्हणाल्या आणि हसायला लागल्या. आरशात दोघी हसत होत्या. मग कोण आजारी, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं आरशातून सुरू झालं. भाकरी आली, तीही वहिनींनी तिथेच खाल्ली. मी किसनच्या शेजारी उकिडवा बसलो. त्याचे हात थरथरायला लागले होते. "आण, मी धरतो," मी म्हणालो.

"नको," तो म्हणाला. "तुमी हलवाल."